ग्रे वॉल्टर यांची कासवे

इंग्लंडच्या पश्चिम भागात ब्रिस्टल नावाचे एक जुने बंदर आहे. दुसरे महायुद्ध संपून तीन-चार वर्षे लोटली होती. त्या सुमारास या शहरातील एका घरात दोन नवलाची कासवे नांदत होती. देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव जागचे हलत नाही. ही कासवे मात्र खोलीभर संथपणे हिंडत असत. वाटेत खुर्चीचा पाय आडवा आला की ती त्याला धडकत, थोडी मागे सरत, पुन्हा ढुशी देत आणि अखेर बाजूने वाट काढून पुढे जात. दूरवर दिवा दिसला की ती तिकडे वळत. शक्ती कमी झाली की आपल्या खुराड्याची वाट धरत. पाहणाऱ्याला ती जिवंत वाटत. पण त्यांच्या कवचाखाली रक्तमांस नव्हते. तेथे चाके, तारा, दोन मोटरी आणि विजेची बॅटरी एवढेच काय ते सामान होते. एकाचे नाव होते एल्मर आणि दुसरीचे एल्सी.

ही कासवे घडविणारे विल्यम ग्रे वॉल्टर हे कोणी खेळणी करणारे कारागीर नव्हते. ते मेंदूच्या कार्याचे नामवंत अभ्यासक होते. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाने हाती पकड आणि डाख देण्याचे हत्यार घेऊन अशी कासवे का तयार करावीत, हे त्यांच्या चरित्रावरून समजते.

ग्रे वॉल्टर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९१० रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरी झाला. त्यांचे वडील पत्रकार होते. वॉल्टर पाच वर्षांचे असताना, १९१५ साली, हे कुटुंब इंग्लंडला आले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे १९२८ साली ते केंब्रिज विद्यापीठाच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. तेथे शरीराच्या क्रियांचा अभ्यास करीत असता रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगांनी त्यांचे मन वेधून घेतले. ठराविक इशारा दिल्यानंतर कुत्र्याला अन्न मिळत गेले, तर पुढे नुसता इशारा मिळताच त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे पाव्हलोव्ह यांनी दाखवून दिले होते. शिकणे ही क्रियाही प्रयोगशाळेत मोजता येते, ही गोष्ट तरुण वॉल्टर यांना फार मोलाची वाटली.

केंब्रिज येथेच राहून संशोधन करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी लागणारी शिष्यवृत्ती मात्र त्यांना मिळाली नाही. विद्यापीठाचे दार असे बंद झाले, तेव्हा त्यांनी रुग्णालयाची वाट धरली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात फ्रेडरिक गोला हे मेंदूच्या विकारांवर संशोधन करीत होते. त्यांच्या हाताखाली वॉल्टर काम करू लागले.

त्या काळी एक नवीनच शोध पुढे आला होता. मेंदूच्या पेशी काम करीत असता अत्यंत सूक्ष्म असे विजेचे प्रवाह निर्माण होतात. डोक्याच्या त्वचेवर धातूच्या चकत्या बसवून हे प्रवाह टिपता येतात, असे जर्मनीतील डॉक्टर हान्स बेर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केले होते. वॉल्टर यांनी बेर्गर यांचे कार्य जवळून पाहिले आणि त्याहून अधिक संवेदनक्षम असे उपकरण स्वतः तयार केले. या उपकरणाची लेखणी कागदाच्या सरकत्या पट्टीवर मेंदूतील विजेच्या लाटा उमटवीत असे. अशा लाटा तपासत असता त्यांच्या ध्यानात आले की, मेंदूत गाठ झालेली असेल तर तिच्या आसपासच्या भागातून संथ व मोठ्या लाटा उमटतात. या लाटांना त्यांनी डेल्टा लाटा हे नाव दिले. १९३६ साली या लाटांच्या साहाय्याने त्यांनी मेंदूतील गाठीची जागा शोधून काढली. कवटी न उघडता गाठ कोठे आहे हे कळू लागल्यामुळे शल्यवैद्यांना मोठीच मदत झाली. या शोधामुळे वॉल्टर यांचे नाव सर्वत्र झाले.

१९३९ साली ब्रिस्टल येथे बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली. वॉल्टर तेथे रुजू झाले आणि पुढील तीस वर्षे तीच त्यांची कर्मभूमी ठरली. येथे एका प्रश्नाने त्यांना पछाडले. मेंदूत पेशी असतात त्या किती? आजच्या गणनेप्रमाणे मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एवढ्या पेशींतील एकेक तपासू लागले, तर कित्येक आयुष्ये पुरणार नाहीत. मग मेंदू कसे काम करतो हे कधी तरी समजेल काय? प्राण्यांच्या वागण्यात जी विविधता दिसते, ती पेशींच्या प्रचंड संख्येमुळे येते, की त्या एकमेकींना ज्या रीतीने जोडलेल्या असतात त्या रीतीमुळे? संख्या हेच खरे कारण असेल तर अभ्यासकाने हात टेकावेत हे बरे. जोडणी हे कारण असेल तर मात्र थोड्या घटकांनीही पुष्कळ काही शिकता येईल.

या प्रश्नावर विचार करताना त्यांना एका तरुण मित्राची मोठी मदत झाली. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक हे युद्धाच्या काळात आपल्या प्रयोगांतील नोंदींचे पृथक्करण करून घेण्यासाठी ब्रिस्टलला येत असत. शत्रूचे विमान हेरण्यासाठी रडार जसे चहूकडे नजर फिरवीत राहते, तसेच काही मेंदूतही घडत असेल काय, लक्ष्य शोधणारे यंत्र आणि अन्न शोधणारा प्राणी यांत काही साम्य असेल काय, अशा विषयांवर दोघांच्या गोष्टी होत. दुर्दैवाने १९४५ साली, युरोपातील युद्ध संपण्याच्या सुमारास, सायकलवरून जात असता अपघात होऊन क्रेक यांचे निधन झाले. ते अवघे एकतीस वर्षांचे होते. त्यांच्यापाशी निघालेला विचार पुढे नेण्याचे काम वॉल्टर यांच्याकडे आले.

वॉल्टर यांनी आधी गणिताचा आधार घेतला. समजा, दोनच घटक आहेत. पहिल्याचा परिणाम दुसऱ्यावर होईल किंवा होणार नाही. तसेच दुसऱ्याचा पहिल्यावर होईल किंवा होणार नाही. म्हणजे दोन घटक जोडण्याचे चार प्रकार झाले. घटक तीन केले तर हेच प्रकार ६४ होतात. चार केले तर ४,०९६ होतात. आणि सहा घटक घेतले तर जोडणीच्या प्रकारांची संख्या १०७ कोटींच्याही वर जाते! घटक वाढले सहाच, परंतु त्यांच्या जोडणीतून उत्पन्न होणारी विविधता अफाट झाली. हे गणित कागदावर बरोबर होते. ते प्रत्यक्षात उतरते की नाही, हे पाहण्यासाठी एक यंत्र तयार करावे आणि त्यात मुद्दामच अगदी थोडे घटक घालावेत, असे वॉल्टर यांनी ठरविले.

१९४८ साली कामाला आरंभ झाला. पत्नी व सहकारी व्हिव्हियन डोव्ही यांची त्यांना या कामी साथ होती. युद्धानंतरच्या त्या दिवसांत इंग्लंडमध्ये अनेक वस्तूंची टंचाई होती. वॉल्टर यांनी जे हाताशी होते त्यावरच भागविले. जुन्या घड्याळांतील व गॅसच्या मीटरांतील दातेरी चाके त्यांनी उपयोगात आणली. मेंदूच्या पेशींच्या जागी त्यांनी रेडिओत असतात तसले दोनच व्हॉल्व्ह बसविले. दोन मोटरी घेतल्या. एक चाक फिरवून यंत्र चालविणारी आणि दुसरी त्याला दिशा देणारी. यंत्राला चाके होती तीन. त्यांपैकी पुढचे एकच चाक यंत्राला ओढी आणि तेच चहू दिशांना वळे. मागची दोन नुसती साथ देत.

यंत्राला डोळा होता एकच. प्रकाश पडला असता विजेचा प्रवाह बदलणारा तो एक घट होता. हा डोळा पुढच्या चाकाच्या दांड्यावर बसविलेला असल्याने चाक ज्या दिशेला वळे त्याच दिशेला डोळाही पाही. अंधारात चाक व डोळा सारखे गोल फिरत राहत आणि यंत्र वेडीवाकडी वळणे घेत खोली धुंडाळी. मध्यम उजेड दिसला की डोळ्याचे फिरणे थांबे आणि यंत्र त्या उजेडाकडे जाई. उजेड फार प्रखर झाला, तर ते तोंड फिरवून दूर होई. पतंग दिव्यावर झेप घेऊन जळून जातो. कासवाला मात्र ही वेळ येत नसे.

येथपर्यंत सारे ठीक झाले. परंतु एक अडचण राहिलीच होती. खोलीत फक्त दिवेच नसतात. टेबले असतात, भिंती असतात, माणसांचे पाय असतात. या वस्तू स्वतः उजेड देत नाहीत. प्रकाशच तेवढा ओळखणाऱ्या डोळ्याला त्या दिसाव्यात कशा? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. या कासवाच्या पुढे चालणारे कोणीच नव्हते. ठेच त्याला स्वतःलाच लागणार होती. ती लागल्याचे त्याला कळावे आणि कळल्यावर त्याने काही तरी करावे, अशी योजना करणे आवश्यक होते. त्यासाठी आणखी एक महागडे उपकरण बसविता आले असते. पण मग थोडक्या घटकांचा नियम मोडला असता.

वॉल्टर यांनी काढलेला उपाय इतका साधा होता की, तो ऐकून नवल वाटावे. त्यांनी यंत्रावरचे कवचच स्पर्श जाणणारे केले. हे कवच यंत्राला घट्ट बसविलेले नव्हते. ते रबराच्या आधारावर सैल टांगलेले होते. आत धातूची एक दांडी व तिच्या भोवती धातूचे कडे होते. एरवी दांडी कड्याच्या मधोमध राही. कवचाला कोणत्याही बाजूने धक्का लागला की ते किंचित सरके, दांडी कड्याला टेके आणि विजेचा मार्ग जोडला जाई. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी वेगवेगळी बटणे बसविण्याची गरजच उरली नाही. एक दांडी व एक कडे यांनी साऱ्या दिशांची राखण केली.

पण खरी करामत याच्या पुढे होती. डोळ्याकडून आलेला क्षीण प्रवाह वाढविण्याचे काम ते दोन व्हॉल्व्ह करीत. दांडी कड्याला टेकताच त्यांची जोडणी बदले. आता ते डोळ्याचे काम सोडून देत आणि झोपाळ्यासारखे आळीपाळीने चालू-बंद होऊ लागत. त्यामुळे चाक क्षणभर जोराने वळे, क्षणभर जोराने ओढी. पुन्हा वळे, पुन्हा ओढी. अशा रीतीने कासव ढुशा देई, मागे सरे, बाजूला होई. अडथळा हलका असला तर तो ढकलला जाई. जड असला तर कासव त्याला वळसा घाली. या झटापटीत समोर कितीही मोहक दिवा असला तरी त्याला तो दिसत नसे. धक्का संपल्यावर सुमारे एका सेकंदाने डोळा पुन्हा कामाला लागे. चढ फार उभा असला तरी कवच कलून दांडी टेके आणि कासव तो चढ टाळून दुसरीकडे वळे. भिंत आणि चढ यांसाठी निराळी व्यवस्था करावीच लागली नाही.

एल्मर आणि एल्सी हिंडू लागल्या तेव्हा त्यांच्या कर्त्यालाही अपेक्षा नव्हती अशा गोष्टी घडू लागल्या. कासवाच्या पुढील बाजूस एक लहान दिवा होता. दिशा देणारी मोटर चालू असताना तो लागे व ती थांबली की विझे. एकदा कासव आरशासमोर आले. आरशातला स्वतःचाच दिवा पाहून ते तिकडे निघाले. परंतु उजेड दिसताच मोटर थांबली व दिवा विझला. दिवा विझताच उजेड नाहीसा झाला, म्हणून मोटर पुन्हा चालू झाली व दिवा पुन्हा लागला. असे होता होता ते कासव आरशापुढे लुकलुकत, डुलत राहिले. बॅटरी उतरत चालली की डोळ्याची तीव्रताही कमी होई. मग एरवी टाळावासा वाटणारा खुराड्यातला प्रखर दिवाच त्याला ओढून घेई. आत शिरताच बॅटरी भरण्याची सोय होती. ती भरली की तोच दिवा पुन्हा असह्य होई आणि कासव बाहेर पडे. भूक लागणे आणि पोट भरणे यांसाठी एकही जादा घटक लागला नाही. संख्या थोडी असली तरी योग्य जोडणीतून विविध वर्तन उत्पन्न होते, या वॉल्टर यांच्या विचाराला असा प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

१९५० साली या कासवांची हकीकत एका प्रसिद्ध अमेरिकन विज्ञान मासिकात छापून आली. १९५१ साली वॉरन नावाच्या कुशल सहकाऱ्याने आणखी सहा कासवे तयार केली. त्यांपैकी तीन त्याच वर्षी फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनात लोकांनी पाहिली. १९५३ साली वॉल्टर यांनी ‘द लिव्हिंग ब्रेन’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी कासवाची रचनाही दिली. आपली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. ज्याला हौस असेल त्याने यंत्र करून पाहावे, ही त्यांची वृत्ती होती.

कासवांच्या मागे लागून त्यांनी मूळ अभ्यास सोडला असे झाले नाही. मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील लाटा एकाच वेळी पडद्यांवर दाखविणारे उपकरण त्यांनी तयार केले. इशारा मिळाल्यानंतर मनुष्य पुढील घटनेची वाट पाहत असतो, त्या थोड्या अवधीत मेंदूत एक संथ लाट चढत जाते, असा महत्त्वाचा शोध त्यांनी १९६४ साली जाहीर केला. या कामात ते गढलेले असतानाच १९७० साली स्कूटरवरून जात असता त्यांना भीषण अपघात झाला. ज्या मेंदूच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य वेचले, त्यालाच गंभीर इजा पोहोचली. ते बरे झाले. परंतु पूर्वीचे काम पूर्वीच्या जोमाने करणे त्यांना पुन्हा शक्य झाले नाही. ६ मे १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचा धागा मात्र तुटला नाही. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरी राहणाऱ्या रॉडनी ब्रूक्स नावाच्या मुलाच्या हाती वॉल्टर यांचे पुस्तक पडले. ते वाचून त्याने व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर वापरून स्वतःचे एक कासव तयार केले आणि त्याचे नाव नॉर्मन ठेवले. ते जमिनीवर हिंडे, उजेड ओळखी आणि अडखळत का होईना, अडथळ्यांना वळसा घाली. हाच मुलगा पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत रोबोशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने इतरांबरोबर स्थापन केलेल्या कंपनीने २००२ साली घरातील जमीन झाडणारे रूम्बा नावाचे यंत्र बाजारात आणले. त्या यंत्राच्या पुढील बाजूस धक्का जाणणारी पट्टी होती. ती खुर्चीला टेकली की यंत्र वळून दुसरी वाट धरी. एल्सीच्या कवचाचेच ते दूरचे नातलग होय.

आज शाळेतील मुलेसुद्धा हौसेने लहान लहान रोबो तयार करतात. अडथळा दुरून ओळखण्यासाठी ती स्वस्तातले ध्वनिसंवेदक वापरतात. वटवाघूळ करते त्याप्रमाणे हा संवेदक मनुष्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो व प्रतिध्वनीची वाट पाहतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून एक मीटर दूर असलेल्या वस्तूपासून प्रतिध्वनी परत येण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सहा भाग लागतात. दुसऱ्या प्रकारच्या संवेदकात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात. घरात तो चांगले काम देतो; अंगणात नेला की सूर्याच्या प्रकाशातही तेच किरण असल्याने तो गोंधळतो. ध्वनिसंवेदकालाही मऊ कापड व तिरपी भिंत चकवतात. अशा वेळी सैल टांगलेले कवच, एक दांडी व एक कडे उपयोगी पडते. ऊन, अंधार किंवा मऊ कापड यांनी त्याला चकवा बसत नाही. मात्र धडक सोसवेल इतकाच यंत्राचा वेग असावा लागतो.

वॉल्टर यांच्या कासवांपैकी एक लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये व एक अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेत जपून ठेवले आहे. हाताशी असलेले सामान थोडे आणि जुने असले, तरी प्रश्न नेमका असेल तर त्यातूनही उत्तर काढता येते, हे या कासवांनी दाखवून दिले. केंब्रिजचे दार बंद झाले तेव्हा वॉल्टर स्वतःही असेच बाजूने वाट काढून पुढे गेले होते.